ओमेशचं जॅकेट

१

ओमेश लंजेला तलावातून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगात जॅकेट होतं. नारिंगी रंगाचं, बंद नीट बांधलेले, कमरेचा पट्टा आवळलेला. माणूस बुडू नये म्हणून घालायचं ते जॅकेट घालूनच तो बुडाला. एकोणीस वर्षांचा, लहानपणापासून त्याच तलावात पोहलेला पोरगा.

जॅकेट गावातच शिवलेलं होतं. कवडीटोल्याच्या जुन्या शाळेच्या खोल्यांत गोंदियाची एक संस्था ‘हुन्नरघर’ चालवत होती. कुणीही यावं, हत्यार हातात घ्यावं, काहीतरी बनवून पाहावं. एका खोलीत सुतारकाम आणि लोखंडकाम, दुसरीत तारा, मोटारी आणि एक संगणक, तिसरीत शिलाई मशिनी आणि दंडारीचे, म्हणजे गावच्या लोकनाट्याचे, मुखवटे रंगवायची जागा. शाळा सुटली की आजूबाजूच्या टोल्यांवरची, वाड्यावस्त्यांवरची पोरं दप्तरासकट तिथं येत. गावचा तलाव तळी बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी बांधलेला. अलीकडं तो पाणवेलींनी गच्च भरला होता. त्या वेली ओढून काढायला पोरांनी ड्रम आणि बांबूंची, पायडल मारून चालवायची नाव बनवली. नावेत बसणाऱ्यांसाठी जॅकेटं शिवली राखी शेंडेनं.

आता गाव म्हणत होतं की राखीनं ओमेशचा जीव घेतला. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण तिच्या बापाच्या चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक थांबेना, आणि एका सकाळी तिच्या दारात फाटकं नारिंगी कापड टाकलेलं सापडलं. हुन्नरघराला कुलूप लागलं.

संस्थेनं चौकशीसाठी रविता पटलेला पाठवलं. रविता आमगावकडची, पन्नाशीला आलेली. संस्थेत येण्याआधी ती विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. कोहमाऱ्याच्या चौकात चेपलेले ट्रक बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यातून एक सवय जडली होती. माणसं सांगतात ते ऐकायचं, पण आधी वस्तूला विचारायचं. संस्थेचा प्रश्न सरळ होता. चूक शिलाईची असेल तर हुन्नरघर कायमचं बंद.

तिनं सगळी जॅकेटं टेबलावर ओळीनं मांडली. बाकीची उचलली तर हाताला वजनच लागत नव्हतं. ओमेशचं मात्र इतके दिवस टांगून ठेवूनही आतून ओलं होतं, ओल्या गोधडीसारखं जड. तिनं ब्लेडनं एका जॅकेटची कड उसवली. आत पांढरा फोम निघाला, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, पाण्याचा थेंब न पिणारा.

मग तिनं ओमेशचं जॅकेट उसवलं. आत पिवळा स्पंज होता. तिनं तो मुठीत दाबला आणि तलावाचं पाणी तिच्या मनगटावरून खाली गळलं.

२

हुन्नरघर चालवणारा उमेंद्र डोंगरवार इंजिनियर झालेला होता. पुण्यातली नोकरी सोडून तो इथं आला होता. स्पंज पाहून तो खुर्चीवर बसला.

मग त्यानं सांगितलं ते असं. दिवाळीआधी त्यानं स्वतः उभं राहून सगळी जॅकेटं पाण्यात तपासून घेतली होती. ज्या जॅकेटच्या कॉलरवर ज्याचं नाव, त्यानं ते घालून तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, उडी मारली. ओमेश तर उताणा पडून दंडारीतलं गाणं म्हणत तरंगला. तेव्हा आत पांढराच फोम असणार. म्हणजे अदलाबदल नंतर झाली.

रविताला ते पटलं. शिलाईतही तेच दिसत होतं. मूळ शिवण मशिनीची होती. एका बाजूची मात्र उसवून पुन्हा हातानं घातलेली. टाके इतके बारीक आणि सारखे की बोटांनी चाचपल्याशिवाय फरक कळू नये. स्पंजच्या एका तुकड्यावर तपकिरी, गोलसर डाग होता. चिखलाचा म्हणावा तर चिखल असा आतपर्यंत मुरत नाही. आणि स्पंज नवा नव्हता. मधोमध दबून दबून पातळ झालेला होता.

तिनं विचारलं, जॅकेटं कुलपात असायची का. उमेंद्र म्हणाला, नाही, खुंटीला. कुणीही यायचं, कुणीही काढायचं. नावं फक्त तपासणीपुरती. एरवी ज्याच्या हाती जे येईल ते तो घालायचा.

“फोम मागायला कुणी आलं होतं का तुमच्याकडे?”

“नाही,” उमेंद्र म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाला.

रविताच्या ते लक्षात राहिलं. पण त्याहून दुसरीच गोष्ट तिला खुपत होती. जॅकेट कुणाच्याही अंगात जाऊ शकत होतं. मग हे करणाऱ्याला कोण बुडणार याची पर्वाच नव्हती. किंवा ते कुणाच्या अंगात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

३

गावात नावेचा उघड विरोधक एकच होता, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष धनलाल. नावेच्या पायडलनं त्याची जाळी फाटली होती. ‘या पोरांचे खेळ एक दिवस कोणाला तरी घेऊन जातील’ असं तो ग्रामसभेत बोलून बसला होता, आणि आता लोक त्याच्याकडंही तिरक्या नजरेनं पाहत होते. त्यातून दिवाळीनंतर तो हुन्नरघरात शिरताना दिसला होता.

रविता गेली तेव्हा तो पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. हुन्नरघरात गेल्याचं त्यानं नाकारलं नाही. फाटलेलं जाळं उमेंद्रच्या पुढ्यात टाकायला गेलो होतो, म्हणाला. रविता त्याच्या हाताकडं पाहत राहिली. दोरा संपला की तो गाठ मारून टोक मोकळं सोडत होता. पाण्यात गाठ फुगते आणि पक्की होते, असं त्यानं सांगितलं. जॅकेटच्या टाक्यांना बाहेर गाठच नव्हती. शेवटचा दोरा दोनदा फिरवून शिवणीच्या पोटात लपवलेला होता.

“नाव मले नको होती, खरं हाय,” धनलाल म्हणाला. “पर त्या पोट्ट्याले मीच काढलं पान्यातून. एकट्याच्यानं निघत नव्हता, एवढा जड. मी म्हनलं, एवढासा पोरगा अन् एवढा जड काऊन?”

तो पुन्हा जाळ्याकडं वळला. रविता तिथून सरळ राखीच्या घरी गेली.

राखी चुलीपाशी बसली होती. बाहेर पडणं तिनं सोडून दिलं होतं. रवितानं पिशवीतून ती शिवण असलेली जॅकेटची कड काढून तिच्या हातात दिली. राखीनं ती उजेडात धरली, नखानं दोरा उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

“हा टाका माझा हाय,” ती म्हणाली.

४

तिनं ते दोनदा सांगितलं. टाका माझा आहे, पण मी घातलेला नाही. दोरा पोटात लपवायची ती पद्धत तिच्या आजीची. हुन्नरघरात हातशिलाई शिकायला येणाऱ्या सगळ्यांना तिनं तीच शिकवली होती. म्हणजे हे करणारं माणूस तिच्याच हाताखाली शिकलेलं होतं.

कोण कोण शिकायला होतं, असं रवितानं विचारलं. राखीनं मान हलवली.

“मी कोनाचं नाव नाई घेत, मॅडम. गावानं माझं नाव घेतलं, तवापासून मी घरात बसून हावो. आता मी दुसऱ्याचं कायले घेऊ?”

तिच्या आईनं दारातून सांगितलं की पोरगी जेवत नाही.

उरला खेमराज. नावेत ओमेशसोबत तोच होता आणि तोच वाचला होता. त्याच्या घरच्यांनी त्याला जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या पायथ्याशी मामाकडं नेऊन ठेवलं होतं. रविता तिथं पोचली तेव्हा तो अंगणात धानाच्या पोत्यांना टेकून बसला होता.

नाव कशी कलंडली ते त्यानं सांगितलं. पायडलमध्ये वेल अडकली, ओमेश ती सोडवायला वाकला, दोघंही पाण्यात. खेमराज बुचासारखा वर आला. ओमेश वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. त्याचे पाय वेलीत गुंतले होते. खेमराजला त्याच्यापर्यंत जाता येईना, आणि जॅकेटमुळं बुडीही मारता येईना. बंद सोडवायला गेला तर ओल्या गाठी सुटेनात. ओमेश त्याचं नाव घेऊन हाका मारत होता. मग हाका थांबल्या.

हे सगळं तो आधीही इतरांना सांगून चुकला होता. पण रविता उठायला लागली तेव्हा त्यानं तिच्याकडं न पाहता पुढचं सांगितलं, जे अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

“ते जॅकेट मी घातलं होतं, मॅडम. खुंटीवर वरचंच होतं, म्हनून. ओमेशनं पाहिलं अन् धावत आला. माझ्या अंगातून ओढून घेतलं. मले ढकललं बी. म्हने, हे माझं हाय, तू दुसरं घे.” त्यानं तोंड पुसलं. “तो कधी असा आपलं-तुपलं करत नव्हता. मले राग आला होता. नावेत बसेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाई.”

रविता पोत्यावर बसली. कोडं सुटलं होतं. ते सुटू नये असं तिला वाटत होतं.

५

परतीच्या वाटेवर तिनं ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, चेपलेली गाडी चारी बाजूंनी पाहावी तसं. जॅकेट कुणाच्याही अंगात जाऊ शकत होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या अंगात जाऊ नये म्हणून एक माणूस धावत आला होता. आत काय भरलंय हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असा धावत येत नाही. ठाऊक होतं म्हणजे एक तर त्यानं पाहिलं होतं, नाहीतर त्यानंच भरलं होतं. नुसतं पाहिलं असतं तर त्यानं बोंब मारली असती.

तिनं राखीला फक्त एक नाव विचारलं. राखी चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, “तोच सगळ्याहून बारीक टाका घालत होता.”

नंतर तिनं उमेंद्रला गाठलं आणि फोम मागायला कुणी आलं होतं का, हे पुन्हा विचारलं. या वेळी त्याला उत्तर द्यायला वेळ लागला.

“ओमेशनं मागितला होता. आईखाली घालायला. मी म्हटलं, शीट संपल्या, नवीन आल्या की देतो.” तो थांबला. “नंतर मी विसरलो. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.”

“पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?”

“स्पंज पाहिला आणि मला आठवलं. मग तोंडच उघडेना.”

राखी दाराआड बसलेली असताना हा माणूस गप्प बसला, असं रविताच्या मनात आलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. त्याच्याकडं पाहून ते त्यालाही कळत असावं असं वाटत होतं.

लंजेंचं घर तलावाच्या पाळीखाली होतं. ओमेशचा बाप ईश्वरदास अंगणात उभा होता. आत ओमेशची आई धुरपताबाई खाटेवर होती. उन्हाळ्यात तिला लकवा झाला तेव्हापासून तिची डावी बाजू गेलेली. कूस बदलायची म्हटलं तरी दुसऱ्याचा हात लागायचा. नातेवाईक बाई तिला वळवत होती, आणि त्या वेळी रवितानं ते पाहिलं. कमरेखाली एक जाड गादी. जुन्या लुगड्याचा अभ्रा, कडेनं बारीक टाका, दोरा शिवणीच्या पोटात लपवलेला. एका कोपऱ्यात अभ्रा विरला होता आणि आतून पांढरा फोम दिसत होता. खाटेच्या पायाशी जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाची बाटली.

रविता बाहेर आली. ईश्वरदास तिच्यामागोमाग आला आणि तिनं काही विचारायच्या आत बोलायला लागला.

६

जुनी स्पंजची गादी ओली व्हायची. धुरपताबाईला लघवीचं भान नव्हतं. स्पंज ते सगळं प्यायचा आणि वाळायचा नाही. पाठीला जखमा झाल्या, त्या सडायला लागल्या. आईचं सगळं ओमेशच करायचा. धुणं, पुसणं, औषध. कुठल्याशा दुपारी तो म्हणाला, पाणी न पिणारा फोम मिळाला तर ती बरी होईल. मग त्यानं अंगणातच बसून स्वतःचं जॅकेट उसवलं, फोम काढला, आणि आत पोकळी दिसू नये म्हणून जुना स्पंज धुऊन, वाळवून, कापून भरला. नवीन शीट आल्या की पुन्हा बदलून टाकीन, म्हणाला. मला पोहता येतं, मला कशाला लागतं जॅकेट. नावेवर मात्र जॅकेटशिवाय कुणी चढू देत नव्हतं, म्हणून घालायचं.

महिनाभरात आईच्या जखमा भरत आल्या होत्या.

“तुम्ही पाहत होता,” रविता म्हणाली.

“पाहून राहिलो होतो. मीच तर त्याले सुई दिली.”

“आणि राखीचं नाव घेतलं लोकांनी, तेव्हा?”

ईश्वरदास तलावाकडं पाहू लागला. काय करू, असं तो म्हणाला. खरं सांगितलं तर घरात बायकोला कळेल, आणि तिला कळलं तर ती त्या गादीवर एक घटका पडणार नाही. पोरगा गेला, त्यानं जिच्यासाठी केलं ती तरी राहू दे, एवढाच हिशेब त्यानं केला होता. रवितानं त्याला विचारलं की शेंड्यांच्या पोरीनं किती दिवस दाराआड बसायचं. 

गप्प राहायची मोकळीक रविताला होती. शिलाईत दोष नाही एवढं लिहून ती निघून जाऊ शकली असती. पण स्पंज कुणी भरला हे लिहिल्याशिवाय ते कुणी मानलं नसतं, आणि राखीच्या नावाला लागलेला डाग गेला नसता. एकीला सोडवायचं तर दुसरीला सांगावं लागणार होतं. तिनं ईश्वरदासला सांगितलं की हे तुमच्याच तोंडून आलं पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तो आला. ग्रामपंचायतीसमोर लोक जमले असताना त्यानं टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं, कुठंही न अडखळता. लोकांनी ऐकलं. धनलाल डोकं धरून खाली बसला. मग लोक पांगले. राखीच्या दारावरून जाताना त्यांच्यातलं कुणी थांबलं नाही.

राखीला तिच्या बापानं येऊन सांगितलं. ती रडली नाही. दोन दिवसांनी ती गोंदियाला मावशीकडं निघून गेली आणि तिथल्या कापडाच्या दुकानात घड्या घालायला लागली. शिलाईचं काम तिनं मागितलं नाही.

रवितानं अहवालात खरं तेच लिहिलं. संस्थेनं तो वाचला. शिलाई निर्दोष, हे मान्य झालं. पण बुडण्यापासून वाचवायचं जॅकेट कुणीही खुंटीवरून नेतो, उसवतो, आणि कुणाला पत्ता लागत नाही, त्या जागी मुलं कशी ठेवायची, असं विचारलं गेलं. हुन्नरघर बंद करायचं ठरलं. टेम्पो आला. मशिनी, संगणक, मोटारींचे खोके भरले गेले. पोरं शाळेच्या भिंतीला टेकून बघत होती. अर्धवट रंगवलेले मुखवटे घेऊन जायला त्यांना परवानगी मिळाली, पण एकानंही हात लावला नाही. उमेंद्र शेवटपर्यंत सामान उचलत राहिला, मग टेम्पोच्या मागच्या बाजूला, सामानातच बसून गेला.

निघण्याआधी रविता लंजेंच्या घरी गेली. जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

धुरपताबाई उघड्या खाटेवर होती. खाली नुसती चटई. गादी तिनं त्याच दिवशी काढायला लावली होती. घरातल्यांनी हातापाया पडून पाहिलं, तिनं दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटून घेतले. खोलीत पुन्हा जखमेचा वास होता. रविता खाटेच्या कडेला बसली आणि गादी परत घालू द्या, असं म्हणाली. त्यानं तुमच्यासाठीच शिवली, असंही म्हणाली.

धुरपताबाईनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिचं अर्धं तोंड हलत होतं, शब्द एकेक करून येत होते.

“पान्यात गेल्यावर त्याले आठवलं असन का, बाई? जॅकेटात काय भरलं हाय ते?”

आयुष्यभर रवितानं जे पाहिलं तेवढंच सांगितलं होतं. गाडीचा ब्रेक लागला होता की नव्हता, हे तिनं मेलेल्यांच्या बायकांनाही स्पष्ट सांगितलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “फार लवकर झालं सगळं. त्याला काही कळलं नाही.”

धुरपताबाईनं चांगला हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला.

“तुमी मनाच्या चांगल्या दिसता,” ती म्हणाली. “पर खेमराज काल येऊन मले त्या हाकांचं सांगून गेला.”

बाहेर ईश्वरदास गाईला पाणी दाखवत होता. रविताला उठायचं होतं, पण मनगटावरचा तो हात सुटला नाही, आणि तो सोडवून घ्यायची तिची छाती झाली नाही. कोहमाऱ्याकडं जाणारी बस पाळीवरून हॉर्न देत निघून गेली.